सायकलवर टॉवेल वाळत घालू नका



मी पडले. आणि पडले कुठे, तर स्वतःच्या दारात! औंढ्याच्या रस्त्याने सात किलोमीटर जाऊन तेवढेच परत आले होते. ट्रक, कुत्री, रस्त्यात ठाण मांडून बसलेल्या म्हशी सगळ्यांना चुकवून सुखरूप फाटकापाशी पोचले. उतरायला म्हणून डावा पाय टाकला तो नेमका शेवाळलेल्या शहाबादी फरशीवर. पाय सटकला, घोटा आत दुमडला आणि सायकल अंगावर. श्रावणातली सकाळ, पावणेसातची वेळ, दूधवाला दारात उभा. म्हणजे साक्षीदारही अगदी पाहिजे तसा. आठ वाजायच्या आत गल्लीभर बातमी पोचली.

शेजारच्या काकू धावत आल्या. "काय झालं वं माय? पडलीस काय?" सासूबाई मात्र धावल्या नाहीत. देवघरातून नुसतं म्हणाल्या, "मी म्हणतच होते. आता बास झाली ती सायकल. कामून उगं जीवाला तरास?"

डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, हाड शाबूत आहे, लिगामेंट ताणलंय. तीन आठवडे सायकल बंद. मी मान हलवली. तीन आठवडे म्हणजे काय मोठंसं, असं मनात म्हटलं. चौथ्या दिवशी लंगडत अंगणात आले तर सायकलच्या हँडलवर ह्यांचा ओला टॉवेल वाळत घातलेला. मागच्या कॅरिअरवर पायपुसणं. घोटा मुरगळला तेव्हा रडले नव्हते, खरं सांगते, तो टॉवेल पाहून डोळ्यांत पाणी आलं.

आज हे सगळं लिहायचं कारण, सेनगावच्या एका मैत्रिणीचं पत्र. ती लिहिते, "ताई, गुडघ्याला मार बसलाय, पंधरा दिवस सायकल नाही. दोन वर्षांत मोठ्या कष्टाने दहा किलोमीटरपर्यंत आले होते. ती सगळी मेहनत पाण्यात जाईल का? घरात विचारावं तर हसतात."

नाही गं, मेहनत पाण्यात जात नाही. पंधरा दिवसांत तर नाहीच नाही. जातो तो तास. तुझा सकाळचा सायकलचा तास. त्याच्याबद्दल मी पुढे बोलणार आहे, कारण खरा घोर तिथे आहे. पण आधी शरीराचं पाहू.

एखादीला वाटतं, चार दिवस व्यायाम सुटला की सगळं संपलं. तसं होत नाही. १९८४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सात कसलेल्या खेळाडूंना व्यायाम पूर्ण बंद करायला लावला आणि त्यांच्या दमाची, म्हणजे शरीर श्वासातला प्राणवायू किती वापरू शकतं याची, वेळोवेळी मोजणी केली. पहिल्या एकवीस दिवसांत दम घटला तो सुमारे सात टक्के. तोही काहीच न करता. पायांच्या स्नायूंची ताकद तर पहिले तीन-चार आठवडे बऱ्यापैकी टिकून राहते. पहिल्यांदा कमी होतं ते रक्तातलं पाणी. व्यायाम करणाऱ्या माणसाच्या अंगात रक्त थोडं जास्त असतं, व्यायाम थांबला की काही दिवसांतच ते उतरतं, मग हृदयाला एका ठोक्यात कमी रक्त ढकलता येतं आणि आपण धापा टाकतो. म्हणून सुट्टीनंतर पहिल्याच चढाला जीव कासावीस झाला तर घाबरून जाऊ नका. पाय गेलेले नसतात. थोड्याच दिवसांच्या सायकलीत ते रक्त पुन्हा भरून येतं.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या घराघरातल्या "पडून राहा" या सल्ल्याशी भिडते. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर झोपवून ठेवलं. उठायचं नाही, चालायचं नाही. तीन आठवड्यांनी त्यांचा दम पावपटीहून जास्त घटला होता. गंमत पुढेच आहे. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावून तपासलं. पोटं सुटली होती, केस पिकले असतील. तरीही तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं नव्हतं, तेवढं त्या तीन आठवड्यांच्या बिछान्याने केलं होतं! मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांच्या बायका नसतील घरात काम सांगायला."

तेव्हा लक्षात ठेवा, विश्रांती द्यायची ती दुखऱ्या सांध्याला. सगळ्या बाईला नव्हे.

आता घोट्याचं किंवा कुठल्याही मुरगळण्याचं पहिल्या दोन-तीन दिवसांचं सांगते, कारण चुका तिथेच होतात. आपला हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतचा हळदीचा बाजार सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, त्यामुळे इथे कुणी पडलं रे पडलं की हळद उगाळायला घेतात. माझ्याही पायाला काकूंनी आंबेहळदीचा लेप आणला. लेपाला माझी ना नाही, कातडी फुटलेली नसेल तर लावा. पण तो कढत करून थापू नका आणि त्यावर चोळू तर अजिबात नका. पहिले दोन दिवस आत रक्त साकळत असतं, सूज वाढत असते. त्या वेळी शेक आणि मालीश म्हणजे सूज आणखी वाढवणं. त्याऐवजी फ्रिजमधला बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा. क्रेप बँडेज बांधा, पण बोटं निळी पडतील इतकं आवळून नको. आणि झोपताना पायाखाली दोन उशा, पाय छातीहून उंच. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांच्या पायाला गार-गरम नीट कळत नाही, त्यांनी बर्फ फार जपून लावावा, मधूनमधून कातडीकडे पाहावं.

एक्स-रे कधी काढायचा, हा प्रश्न बायका हमखास पुढे ढकलतात. "बघू दोन दिवस." ठोकळ खूण अशी: पडल्यावर लगेच आणि नंतरही त्या पायावर चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याची जी दोन हाडं बाहेर दिसतात त्यांच्या टोकावर, मागच्या कडेवर, नाहीतर पावलाच्या मध्यभागी बाहेरच्या किंवा आतल्या कडेच्या हाडावर बोटाने दाबताच कळ निघत असेल, तर दोन दिवस बघू नका, त्याच दिवशी जा. पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली किंवा दम लागायला लागला तर रात्र असली तरी थांबायचं नाही.

इतकं झालं की मग तासाचं.

माझं वय सत्तेचाळीस. गेली तीन वर्षं मी पहाटे साडेपाचला सायकल बाहेर काढते आणि पावणेसातला परत येते. या सव्वा तासात मी कुणाची सून नसते, कुणाची आई नसते, डब्यात काय द्यायचं हा विचारही औंढा रोडला लागल्यावर मागे पडतो. उजाडताना तुरीच्या शेतावर धुकं असतं. शाळा सुरू असल्या की परतताना कधी समोरून निळ्या गणवेशातल्या मुलींची रांग येते सायकलींवर. मानव विकास कार्यक्रमातून खेड्यापाड्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळायला लागल्या, तेव्हापासून आपल्याकडच्या रस्त्यांवर बाईमाणूस सायकलवर दिसणं नवलाचं राहिलं नाही. मुली मला हसून हात करतात. मला वाटतं, माझं सायकल चालवणं गल्लीने खपवून घेतलं यात त्यांचा वाटा मोठा आहे.

२०२० च्या लॉकडाऊननंतर आमच्या गल्लीत पाच जणींनी सायकली घेतल्या होत्या. दोघीतिघी मिळून जायचो, हौस होती. आज रस्त्यावर मी आणि आणखी एक. बाकी तीन सायकली कुठे आहेत? एकीवर गाद्या वाळतात. एक जिन्याखाली गंजली. तिसरी भाच्याने नेली. आणि गंमत बघा, तिघींपैकी एकीनेही "मी सायकल सोडली" असं कधी ठरवलं नव्हतं. एकीचं मनगट दुखावलं होतं पंधरा दिवस. एक लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर गेली. एकीला ताप आला होता. प्रत्येकीने थोडे दिवस थांबायचं म्हटलं होतं. त्या थोड्या दिवसांत सकाळचा तास घराने भरून टाकला. पाणी तेव्हाच भरायचं, दुसरा चहा तेव्हाच, नातवाला तेव्हाच उठवायचं. दुखणं बरं झालं तेव्हा परत जायला तासच उरला नव्हता.

घरातल्यांचा यात दुष्टावा नसतो बरं का. आमचे हे काही वाईट नव्हेत, टॉवेलही त्यांनी सोयीने टाकला होता, दोरी भरली होती म्हणून. रिकामी जागा दिसली की घर ती वापरतं. तास रिकामा दिसला की तोही वापरतं.

म्हणून मी पाचव्या दिवसापासून एक केलं. साडेपाचला उठायचं ते उठायचंच. सायकलचा सलवार-कुडता घालायचा, केस वर बांधायचे, बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकायची आणि दार लोटून घ्यायचं. ह्यांनी पहिल्या दिवशी आत डोकावून विचारलं, "उठलीच आहेस तर चहा टाकतेस का?" मी म्हटलं, "मी सायकलवर आहे. पावणेसातला येते." ते बघतच राहिले. तिसऱ्या दिवशी स्वतःचा चहा स्वतः करून घेतला, मलाही अर्धा कप ठेवला. साखर जास्त होती, पण तो भाग वेगळा.

त्या तासात करायचं काय? माझं घोट्याचं होतं, त्यामुळे पाय जमिनीवर न टेकता करण्यासारखं मी आधी केलं. पाठीवर झोपायचं, दुखरा पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर वर उचलायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, हळूच खाली. दहा वेळा. मग चांगला पाय. असे तीन फेरे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून (टॉवेल इथे वापरा!) गुडघ्याने ती खाली दाबायची, मांडी घट्ट होते. सायकल ओढणारा मुख्य स्नायू मांडीचा पुढचा. तो असा राखला तर परतल्यावर पेडल जड लागत नाही. सेनगावच्या मैत्रिणीला गुडघ्याचा मार आहे, तिने हा दाबण्याचा प्रकार डॉक्टरांना विचारून आणि दुखणार नाही इतपतच करावा.

चांगल्या पायाचा व्यायाम सोडू नका, उलट वाढवा. १८९४ साली येल विद्यापीठात एक जुना शोध लागला आहे. एका हाताला सराव दिला तर दुसऱ्या, सराव न दिलेल्या हाताचीही ताकद थोडी वाढते. नंतरच्या काळात पायाबद्दलही तेच दिसून आलं. प्लॅस्टरमधल्या अवयवाची ताकद दुसऱ्या बाजूच्या व्यायामाने बरीच टिकते. कारण ताकद नुसती मांसात नसते, मेंदूकडून येणाऱ्या हुकमातही असते. तेव्हा खुर्चीवर बसून चांगल्या पायाने उभं राहायचं, बसायचं, हाताने खुर्ची धरून. दुखरा पाय पुढे अधांतरी. आठ वेळा केलंत तरी घाम फुटेल.

दमासाठी खुर्चीतच बसून हात चालवायचे. पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घ्या. एक मिनिट भराभर पुढे मुठी मारल्यासारख्या, एक मिनिट सावकाश. असं दहा वेळा. भराभरच्या मिनिटात बोलताना वाक्य तुटलं पाहिजे, सावकाशच्या मिनिटात गुणगुणता आलं पाहिजे, एवढंच मोजमाप पुरे. मी रेडिओवरच्या अभंगांच्या तालावर करायचे. सासूबाईंना आधी वाटलं मला वारं आलंय. रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं असेल तर मात्र हे भराभरचं प्रकरण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

घोट्यासाठी सगळ्यात चांगला व्यायाम मला डॉक्टरांनीच सांगितला. सूज उतरायला लागली की पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं काढायची. त्यांनी इंग्रजी मुळाक्षरं सांगितली होती, मी आपली बाराखडी घेतली. "क"पासून "ज्ञ"पर्यंत. "र" बिनबोभाट निघतो, "ळ" काढताना घोटा छान गरागरा फिरतो, आणि "क्ष"ला पहिल्या दिवशी आई गं म्हणावं लागतं. काकूंची नात समोर बसून तपासायची. "आजी, हा ण नाही झाला."

एक इशारा. घरात बसल्या बसल्या कुणाला सुचेल, सायकल स्टँडवर उभी करून मागचं चाक अधांतरी फिरवत पेडल मारावं. आम्ही लहानपणी केलंय. पण मोठ्या बाईच्या वजनाने स्टँड सरकला तर एका घोट्याचे दोन व्हायचे. ते नको.

खाण्याबद्दल थोडकंच. "हालचाल नाही, जेवण कमी करते" असं करू नका. दुखावलेलं भरून यायला अंगाला प्रथिनं लागतात. ज्वारीच्या भाकरीबरोबर तुरीचं घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे, दूध-दही, खात असाल तर अंडं. श्रावणातले उपास मी त्या वर्षी दोनच धरले. तेल-तूप-साखर आवरा, डाळ आवरू नका.

आणि सायकलचंही बघा गं! ती काही आजारी नाही. हवा नसताना उभी राहिली तर टायरला चिरा पडतात, म्हणून आठ दिवसांनी पंप मारून घ्यावा. चेनला तेलाचे चार थेंब, कारण पावसाळ्यात पंधरा दिवसांत गंज धरतो. आपल्याकडची काळी माती मडगार्ड आणि टायरमध्ये जाऊन बसते आणि वाळली की सिमेंट होते. ओली असतानाच काडीने काढावी. मी दुखरा पाय स्टुलावर ठेवून, बसून हे सगळं केलं. सायकलला हात लागत राहिला. टॉवेलही पुन्हा पडला नाही, कारण दर दोन दिवसांनी मी तिच्यापाशी दिसत होते.

दुसऱ्या आठवड्यात लंगडणं कमी झालं की उभ्याचे व्यायाम. यांना वेगळा वेळ नको. ओट्याला हात टेकून दूध तापेपर्यंत टाचा वर-खाली. मग दुखऱ्या एका पायावर उभं राहणं, हात ओट्याजवळच असू द्या. आधी दहा आकडे, नंतर तीस. हा व्यायाम बायका टाळतात कारण काही केल्यासारखं वाटत नाही. पण मुरगळलेल्या घोट्याचं खरं नुकसान ताकदीचं नसतं, तोलाचं असतं. पाऊल वाकडं पडतंय हे घोट्याला वेळेवर कळेनासं होतं. म्हणून एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. फरशी कोरडी पाहिजे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

परत कधी बसायचं? तारखेवर जाऊ नका. भराभर चालताना लंगडायला होत नाही, जिना उतरताना दुखत नाही, एका पायावर तीस आकडे उभं राहता येतं आणि टाचा वीस वेळा उचलता येतात, एवढं जमलं की डॉक्टरांना दाखवून मग. माझे तीन आठवड्यांचे चोवीस दिवस झाले.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं, सपाट रस्ता, घराजवळ. हँडलला पिशवी अडकवायची नाही. सीट दोन बोटं खाली घ्यायची म्हणजे थांबताना पाय सहज टेकतो. पेडलवर चवडा न ठेवता पावलाचा मधला भाग ठेवायचा, घोट्याला काम कमी पडतं. संध्याकाळी सूज पाहायची. सूज आली तर एक दिवस आराम, नाही आली तर परवा पंधरा मिनिटं. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्म्या अंतरापलीकडे जाऊ नका, कितीही हुरूप आला तरी.

आणि उतरणं! याच्याबद्दल कुणीच सांगत नाही. आपण सगळ्या जणी डाव्या बाजूला उतरतो, लहानपणापासूनची सवय. त्यामुळे अख्खा भार डाव्या पायावर येतो. माझा घोटा डावाच. मी दोन दिवस अंगणात सायकल उभी धरून उजवीकडे उतरायचा सराव केला. लेडीज सायकलला मधला दांडा नसतो, त्यामुळे ते जमतं, फक्त पहिल्यांदा आपण दुसऱ्याच कुणाची सायकल चोरल्यासारखं वाटतं. पूर्ण थांबायचं, मग उतरायचं. चालत्या सायकलवरून टुणकन उतरायची ऐट काही महिने बाजूला ठेवा.

"या वयात कशाला?" हे वाक्य त्या तीन आठवड्यांत मी किती वेळा ऐकलं याची गणतीच नाही. बघायला येणारी प्रत्येक पाहुणी ते बरोबर घेऊनच यायची, केळ्यांसारखं. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी चाळिशीला आल्यावर सायकल धरली. दोन मुलांची आई. जून २०२२ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, लेह ते मनाली हे ४३० किलोमीटरचं अंतर त्यांनी एकटीने ५५ तास १३ मिनिटांत सायकलवर कापलं आणि गिनीज बुकात नाव नोंदवलं. ते डोंगर, ते उंचावरचं विरळ वारं! मला काही मनालीला जायचं नाही. मला औंढा रोडचे चौदा किलोमीटर पुरे आहेत. पण पाहुण्यांना सांगायला ही गोष्ट बरी पडते.

चोविसाव्या दिवशी पहाटे मी सायकल काढली तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं आता अडवतात. त्या फाटकापर्यंत गेल्या आणि खराट्याने फरशीवरचं शेवाळ खरवडायला लागल्या. "काय करायलात आई?" मी विचारलं. "दिसंना का? जा, ये लवकर. आणि त्या बाजूनं उतर, सांगितलंय न् डॉक्टरनं."

त्या दिवशी मी इंदिरा गांधी चौकापर्यंत जाऊन परत आले. अकरा मिनिटं. धाप लागली, मांड्या भरून आल्या. दहाव्या दिवशी सात किलोमीटर झाले आणि महिना संपायच्या आत पूर्ण चौदा.

सेनगावच्या मैत्रिणीसाठी एवढंच आणखी: गुडघ्याचं दुखणं असलं तर सीट खाली न घेता किंचित वर घे, गुडघा कमी वाकतो. हे घोट्याच्या उलट आहे, गोंधळ करू नकोस. आणि हलक्या दात्यावर चालव, पेडल भराभर फिरलं तरी चालेल, जोर लावून दाबू नकोस. तुझ्या सायकलला गिअर नसेल तर सपाट रस्ता निवड, चढ आला की उतरून चाल. पंधरा दिवसांनी काय झालं ते जरूर कळव.

वसमतच्या एका मैत्रिणीने विचारलंय की मनगट प्लॅस्टरमध्ये असताना चालायला जावं का. जावं की! तुमचे दोन्ही पाय मोकळे आहेत, तुम्ही तर आम्हा सगळ्यांहून भाग्यवान. हात गळ्यात अडकवून, कोरड्या आणि उजेडाच्या रस्त्याने, सायकलच्याच वेळेला.